गच्चीवरचा सातबारा

माझ्या वडिलांनी मला शेतीतून सोडवण्यासाठी अडीच बिघे विकले. त्या अडीच बिघ्यांत मी बी.कॉम. झालो, जळगावला नोकरीला लागलो, कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅटच्या वर सगळ्यांची मिळून एक गच्ची होती. गेल्या वर्षी मे महिन्यात मी तीनशे रुपये भरले आणि ‘घरच्या घरी भाजीपाला’ या दोन दिवसांच्या प्रशिक्षण वर्गात नाव घातलं. पावती मिळाली. अडीच बिघ्यांच्या वेळी खरेदीखत झालं होतं, ही त्याच व्यवहाराची परतीची पावती म्हणायची.

ही बातमी गावी आप्पांना सांगायला नको होती, पण सांगितली. आप्पा म्हणजे माझे काका. अमळनेर तालुक्यात राहिलेली जमीन तेच करतात.

‘‘कितलं पेरं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पेरलं नाही अजून. वर्ग आहे. शिकवणार आहेत.’’

‘‘काय शिकाडी ऱ्हायनात?’’

‘‘वांगी, टमाटे, मेथी. कुंडीत कशी लावायची ते.’’

पलीकडून नुसता मोटारीचा आवाज येत राहिला. आमच्या भागात शेतकरी गप्प बसला की त्याची मोटार बोलते. मग आप्पा म्हणाले, ‘‘तुले शेतीच करनी व्हती, ते मंग गाव का बरं सोडं?’’

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण वर्गाला गेलो तर तिथे याच प्रश्नातून पळून आलेले बेचाळीस जण बसले होते.

वर्ग एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाचा फलक उतरवायचा राहिला होता, त्यामुळे दोन दिवस सरांच्या डोक्यावर चि. आणि चि. सौ. कां. लटकत होते. सर तरुण होते, उद्यानविद्येत एम.एस्सी. केलेले, आणि खानदेशात नवीन. नवीन होते हे लगेच कळलं, कारण त्यांनी सुरुवातीलाच ‘‘प्रत्येकाने आपलं नाव आणि इथे येण्याचं कारण थोडक्यात सांगावं,’’ असं म्हटलं. थोडक्यात हा शब्द आमच्याकडे पत्रिकेवर छापण्यापुरता असतो. पहिले गृहस्थ निवृत्त ग्रामसेवक होते. ते म्हणाले, ‘‘मला तसं सगळं येतं. तुम्ही काय सांगता ते बघायला आलो.’’ दुसऱ्या बाईंचं माहेर यावलकडचं, म्हणजे केळीतलं. तिसऱ्यांच्या सासऱ्यांनी कपाशीत कधीकाळी बक्षीस मिळवलं होतं, ते कसं मिळवलं याचा वृत्तांत झाला. शिकायला आलो आहे असं एकाही माणसाने सांगितलं नाही. मीही नाही. मी म्हटलं, ‘‘आमची गावाकडे शेती आहे, सहज आलो.’’ परिचय संपायला साडेअकरा वाजले. मग चहा झाला.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७२-७३च्या सुमारास असाच एक उपक्रम निघाला. शहरातले लोक परसातल्या गुलाबाला काय झालं, टोमॅटोला काय झालं असं विचारून विद्यापीठाच्या कृषी सल्लागारांना इतके भंडावून सोडू लागले, की शेतकऱ्यांकडे बघायला त्यांना वेळ उरेना. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. हौशी बागवाल्यांनाच रीतसर शिकवायचं, आणि शिकणाऱ्याने त्या बदल्यात अमुक इतके तास इतरांना फुकट सल्ला द्यायचा. त्यांना ‘मास्टर गार्डनर’ म्हणतात. योजना झकास आहे, पण जळगावात ती उलटी राबवावी लागेल. तिकडे माणसाला सल्ला द्यायला तयार करतात. आमच्याकडे प्रशिक्षण द्यायचंच तर ते सल्ला थांबवण्याचं द्यावं लागेल, आणि त्याचे तास कुणीही पूर्ण करणार नाही.

चहानंतर सरांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि वर्ग त्यांच्या हातून जवळजवळ गेलाच. ते म्हणाले, ‘‘एक लक्षात ठेवा, कुंडीत काळी माती भरायची नाही.’’

मुलगी बघायला यावं आणि वधूपक्षासमोर तिच्या रंगावर बोलावं, तसं झालं. तापीकाठच्या काळ्या मातीविषयी असं काही आमच्यासमोर आजवर कोणी बोललं नव्हतं. या मातीवर आमचा कापूस पोसला, आमची केळी पोसली, आमची लग्नं लागली. ग्रामसेवक उभे राहिले. ‘‘सर, आमच्या बापजाद्यांनी याच मातीत पिकं काढली.’’

‘‘काढली ना काका,’’ सर म्हणाले, ‘‘पण त्यांच्या कुंडीला तळ नव्हता.’’

मग त्यांनी दोन कुंड्या पुढे घेतल्या. एकीत नुसती काळी माती, आठ दिवस पाण्यावाचून ठेवलेली. तिचा एकसंध गोळा होऊन तो कडेपासून बोटभर सुटला होता. त्यांनी वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मातीला शिवलंच नाही. कडेच्या फटीतून सरळ खाली उतरलं आणि टेबलावर वाहत लग्नाच्या उरलेल्या अक्षतांपर्यंत गेलं. सरांनी गोळा उलटा करून फोडला. आत कोरडा ठणठणीत. ‘‘तुम्ही रोज पाणी घालता, खालून पाणी येतं, तुम्हाला वाटतं झाड प्यायलं. प्यायली ती गच्ची.’’ काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात त्यातून हवा खेळते, खाली हात-दोन हात ओल असते. वीतभर कुंडीत तिची वीट होते. दुसऱ्या कुंडीत एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट होतं. त्यात तांब्याभर पाणी गेलं आणि बाहेर चमचाभरच आलं.

ग्रामसेवकांनी फुटलेला गोळा हातात घेतला, चोळला, वास घेतला आणि शेजारच्याला म्हणाले, ‘‘माती चांगली आहे.’’ पण वहीत त्यांनी तीनास एक हे प्रमाण लिहिलेलं मी पाहिलं. माझं पीक आज जेवढं म्हणून आहे, ते त्या तांब्याभर पाण्यावर आहे. बाकीचे दोन दिवस नसते झाले तरी चाललं असतं.

दुपारी केळीच्या सालीचा विषय निघाला. मोबाईलवर म्हणे कुठल्या तरी बाईंनी दाखवलं होतं, की केळीच्या साली तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी झाडांना दिलं की फुलंच फुलं. सरांनी शांतपणे सांगितलं, सालीत पालाश असतं हे खरं, पण भिजवलेल्या पाण्यात फार उतरत नाही, चिलटं मात्र होतात. त्यापेक्षा साली बारीक चिरून कंपोस्टमध्ये टाका. हे कुणाला ऐकू गेलं नाही. जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रावेर-सावद्याकडून केळी रेल्वेने दिल्लीच्या बाजूला जात आली आहेत. एवढी केळी जगाला खाऊ घालूनही सालीचा उपयोग आपल्याला परगावच्या बाईंनी सांगावा, याचंच लोकांना वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जण डब्यांतून साली घेऊन आले. मे महिना, मंगल कार्यालय आणि अकरा डबे. चिलटांनी उपस्थिती शंभर टक्के नोंदवली.

त्याच दिवशी आहाराचा तासही होता. माणशी रोज तीनशे ग्रॅम भाजी पोटात जायला हवी, असा तक्ता पडद्यावर आला. पालेभाजी इतकी, कंदमुळं इतकी, बाकीची इतकी. मागून एकाने हात वर केला.

‘‘सर, शेवभाजी यात कुठे बसते?’’

सर थांबले. ‘‘त्यात भाजी कुठली असते?’’

‘‘शेव.’’

यावर सरांना काही सुचेना. तसा हा प्रश्न खानदेशच्या बाहेर पडताच येणार नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा जिला भाजी म्हणून पानात वाढतात, तिच्यात एकही पान, शेंग, कंद किंवा फळ नसतं, आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. सरांनी ‘‘आपण पुढे जाऊ,’’ म्हटलं. पुढे वांग्यावरच्या किडी होत्या. पंखा चालू होता, नुकतंच जेवण झालं होतं. मी त्या तासाला झोपलो. ही गोष्ट पुढे महागात पडली.

शेवटी प्रमाणपत्रं दिली. रंगीत, जाड कागदाचं, खाली दोन सह्या. ते घेऊन घरी येताना बसथांब्यावर विद्यापीठाची गाडी उभी होती, तिच्यावर मोठ्या अक्षरात कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव. आसोद्याची ही बाई शाळेची पायरी चढली नव्हती. पेरणी, मळणी, झाडं, माणसं हे सगळं तिला कुणी पडद्यावर दाखवलं नव्हतं. १९५१ साली ती गेली, पुढच्या वर्षी तिची गाणी छापून आली, आणि २०१८ साली तिचं नाव आख्ख्या विद्यापीठाला लागलं. मी प्रमाणपत्राची गुंडाळी केली आणि पिशवीत खाली, कोकोपीटच्या विटेखाली सरकवली.

खरं म्हणजे शिकायचंच असेल तर त्यासाठी पक्की जागा आपल्याकडे आहे. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पाँडिचेरीत सुरू झालं. आता सातशेहून अधिक आहेत. आमच्या जिल्ह्यात एक जळगावजवळ ममुराबादला आहे, दुसरं सातपुड्याच्या कुशीत पाल इथे, आणि धुळ्याचं तिथल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात. तिथे गृहविज्ञानाच्या मॅडम असतात, त्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना परसबाग शिकवतात. गोल आखणी, सात वाफे, आठवड्याच्या रोज एका वाफ्याची भाजी. कुंडी नाही, कोकोपीट नाही. मोरीचं सांडपाणी वळवून आणायचं आणि चारी बाजूंनी शेवगा, कढीपत्ता, पपई लावायची. पण आम्ही शहरातले. शेतकऱ्यांच्या केंद्रात जाऊन बसलो तर कोणी ओळखीचा भेटेल आणि विचारेल, ‘‘तू इकडे कसा?’’ म्हणून आम्ही मंगल कार्यालयात जातो.

तर मी मे महिन्यातच मेथी पेरली. सरांनी जून उजाडू द्या असं सांगितलं होतं, पण तीनशे रुपये भरलेला माणूस पावसाची वाट बघत नाही. जळगावचा मे ज्यांनी सोसलेला नाही त्यांना सांगतो, पारा पंचेचाळीसच्या घरात असतो आणि गच्चीचा स्लॅब रात्री अकरापर्यंत पायाला चटका देतो. काळ्या पिशवीतली माती दुपारी हाताला लागत नाही. त्यात मी दुपारी दोन वाजता, झाडं कोमेजली म्हणून कळवळून, टाकीचं पाणी घातलं. टाकीही गच्चीवरच, उन्हातच. ती मेथी मी पेरली असं म्हणता येणार नाही, मी ती उकडली. बायको म्हणाली, ‘‘अहो, मीठ तरी टाकायचं.’’

पाऊस पडल्यावर वांगी लावली. भरताचीच, लांबट, हिरवी. दुसरं वांगं जळगावात लावणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस बघून परत येणं. इथल्या भरताच्या वांग्यालाही मानांकन आहे. रोपं लागली. पण पावसाने ऑगस्टात दडी मारली, आणि नळाला पाणी एक दिवसाआड. तेव्हा मला ठिबक सुचलं.

ठिबक हा आमच्या शहराचा मानबिंदू. भवरलाल जैन यांनी इथे उभ्या केलेल्या उद्योगाच्या नळ्या आज कुठकुठल्या देशांत पसरल्या आहेत, आणि जैन हिल्सवर ते सगळं बघायला लांबून शेतकऱ्यांच्या गाड्या येतात. अशा शहरात राहून मी काय केलं, तर ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणि नळ्या आणल्या, धुतल्या, कपडे वाळत घालायच्या तारेला उलट्या टांगल्या आणि चाकी फिरवून मिनिटाला वीस थेंब लावले. गच्चीवर आठ वांगी ओळीने सलाईनवर. खालच्या मजल्यावरच्या काकू पापड घालायला वर आल्या, बघितलं आणि कुजबुजत्या आवाजात विचारलं, ‘‘यांना केव्हापासून?’’ मग संध्याकाळपर्यंत इमारतीतले सगळेजण भेटून गेले. एकाने नारळपाणी सुचवलं, ते विनोदाने की मनापासून हे कळलं नाही.

वर्गातल्या लोकांचा मोबाईलवर गट होता. मी पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो टाकला. तासाभरात चौदा उपचार आले. लोह कमी आहे. पाणी जास्त आहे. पाणी कमी आहे. आंबट ताक द्या. जीवामृत द्या. ‘‘दृष्ट काढा’’ हे ग्रामसेवकांनी लिहिलं. सर अकराव्या नंबरवर होते आणि त्यांचं म्हणणं, ‘‘खालचं जुनं पान आहे, गळू द्या.’’ ते गळालं. बाकी तेरा जणांनी आपापल्या उपायाचा गुण आला असं मानलं.

धुळ्याला देवपुरात माझी मोठी बहीण राहते. तिलाही हा नाद मीच लावला, आणि एका रविवारी वीस किलो गांडूळखताचं पोतं घेऊन एस.टी.ने निघालो. कंडक्टरने पोत्याला पायाने ढोसलं.

‘‘यात काय आहे?’’

‘‘गांडूळखत.’’

‘‘गांडुळं जिवंत आहेत?’’

मी जरा विचार केला. चाळलेल्या खतात बहुतेक नसतात, पण अंडी असू शकतात, असं सर म्हणाले होते. ‘‘काही असतील,’’ मी म्हटलं.

‘‘जिवंत असतील तर लगेज लागेल.’’

‘‘आणि मेलेली असतील तर?’’

‘‘तर खाली उतरवा.’’

लगेज फाडलं. एरंडोलपर्यंत शेजारचे गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. एरंडोलनंतर त्यांनी विचारलं, वास कसा नाही? पोत्याचं तोंड सोडून दाखवलं. चहापूडच म्हणा. मग मागच्या बाकावरची मावशी उठून आली. पारोळ्यापर्यंत आख्ख्या गाडीत खताशिवाय दुसरा विषय नव्हता. कोणाची तुळस जळत होती, कोणाचा जास्वंद फुलत नव्हता, आणि ड्रायव्हरच्या घरच्या लिंबाला सात वर्षांत एक लिंबू आलेलं नव्हतं. मूठमूठ करत पोतं हलकं होत गेलं. मावशीने खताच्या बदल्यात रुमालाच्या गाठीतलं गिलक्याचं बी दिलं आणि वर बजावलं, ‘‘तोंड खाली करून लाव, पोट पूर्वेकडे.’’ पोट कुठलं हे विचारायच्या आत ती पारोळ्याला उतरली. धुळ्याला पोतं पोचलं ते पंधरा किलोचं.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने धुळ्याला आपलं ठाणं केलं आणि नव्या पेठेचे रस्ते सरळ आखून दिले. पाण्याचं मात्र तसं सरळ कोणी आखून दिलेलं दिसत नाही. ताईच्या गल्लीत आज कोणता वार हे कॅलेंडरवर बघत नाहीत. नळाला पाणी आलं की तो सणवार. त्यामुळे तिथली बाग आमच्यासारखी लाडावलेली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी वांग्याला, डाळ धुतलेलं मिरचीला, भाजी धुतलेलं पोकळ्याला, अशी वाटणी ठरलेली. ताईच्या भिशीतल्या अकरा बायका दर महिन्याला जमतात. भिशी उघडायला दहा मिनिटं लागतात आणि उरलेले दोन तास बाग चालते. सर नाहीत, पडदा नाही. एकीची ऐंशीच्या पुढची सासू खाटेवर बसलेली असते, ती अध्यक्ष.

त्या दिवशी भेंडीवरच्या माव्याचा विषय होता. मी वर्गात शिकलेला पिवळा चिकट कागद पिशवीतून काढला. पिवळ्या रंगाला पांढरी माशी, मावा, तुडतुडे भुलतात आणि चिकटतात, फवारणीचा खर्च वाचतो. बायकांनी कौतुकाने बघितलं. म्हातारीने बघितलं नाही.

‘‘राख टाका,’’ ती म्हणाली.

‘‘आजी, राख कुठून आणू?’’ ताईने विचारलं. ‘‘चूल जाऊन वीस वर्षं झाली. गॅसची राख नसते.’’

‘‘मग नदीकाठी जा.’’

पांझरेच्या काठी राख कशाची असते हे सगळ्यांना माहीत होतं. क्षणभर कोणी हसलं नाही, मग सगळ्याच हसल्या, आणि म्हातारी सगळ्यात शेवटी. पुढच्या वेळी एकीने इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली. भेंडीला लागू पडली की नाही ते सांगता येत नाही, कारण पिवळा कागदही शेजारीच टांगलेला होता आणि दोन्ही पक्ष आपापला विजय सांगतात.

कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकर नावाचे गणिताचे प्राध्यापक होऊन गेले. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त व्याख्यान देणारा एक आणि माना डोलवणारे शंभर असा प्रकार नव्हता. ज्याने त्याने आपल्या वाफ्यात, आपल्या वेलीवर काहीतरी करून बघायचं, मोजायचं, आणि जे आढळलं ते दुसऱ्याला कळवायचं. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी याच रीतीने एकमेकांना शिकवलं. हे वाचलं होतं तेव्हा मला ते फार थोर आणि आपल्याला न झेपणारं वाटलं होतं. पारोळ्याच्या गाडीत, ताईच्या ओसरीवर, तेच चाललेलं दिसलं. फक्त मोजायचं तेवढं आम्ही सोडून देतो. मोजलं की कोणाचं तरी चूक ठरतं, आणि उद्या त्याच्याच घरी हळदीकुंकवाला जायचं असतं.

गिलकं उगवलं. पोट कुठे होतं कळलं नव्हतं, म्हणून दोन बिया एकमेकींकडे पाठ करून लावल्या होत्या. दोन्ही उगवल्या.

डिसेंबरात आप्पा आले. बँकेचं काम होतं. येताना गावाहून पऱ्हाट्यांची मोळी सुतळीने बांधून आणलेली, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते भरीत म्हणत नाहीत, ‘भाजेल वांगं’ म्हणतात. चहा न घेता आधी गच्चीवर गेले. माझ्या आठ झाडांपैकी पाच उभी होती आणि त्यांना मिळून तीन वांगी होती. आप्पा पहिल्या झाडापाशी उकिडवे बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली मान घातलेल्या एका शेंड्याला त्यांनी बोट लावलं. मला तो पाण्यावाचून सुकल्यासारखा वाटला होता आणि मी त्याच्या सलाईनचे थेंब वाढवले होते. आप्पांनी नखाने तो शेंडा दोन बोटं खालून खुडला, उभा चिरला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आत पांढुरकी गुलाबी अळी होती, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, निवांत. असे चार शेंडे त्यांनी खुडले, एकही गच्चीवर टाकला नाही, सगळे सदऱ्याच्या खिशात घातले.

‘‘आठे टाकशी ते परत चढी,’’ ते म्हणाले. खाली आल्यावर त्यांनी ते गॅस पेटवून जाळले.

शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. प्रादुर्भाव झालेले शेंडे खुडून नष्ट करावेत. दुसरा दिवस, जेवणानंतरचा तास. माझ्या वहीत त्या पानावर पेनाची एक लांब, खाली घसरत गेलेली रेघ आहे.

संध्याकाळी गच्चीवर पऱ्हाट्या पेटवल्या. माझी तीन आणि बाजारातली चार किलो. धूर झाला तसे इमारतीचे सेक्रेटरी तक्रार करायला वर आले. सालं सोलायला माणूस कमी होता, त्यांना बसवलं. ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वर शेंगदाणे, कळण्याच्या भाकरी. नऊ जण जेवलो. माझी तीन वांगी त्यात कुठे गेली, ती गोड होती की कडवट, हे आता कोणी सांगू शकणार नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, ‘‘मीठ बरोबर शे.’’

निघताना त्यांचं लक्ष तारेला टांगलेल्या पिवळ्या कागदाकडे गेलं. जवळ जाऊन चष्मा वर करून त्याच्यावर चिकटलेल्या माश्या बराच वेळ बघितल्या. ‘‘हाऊ कोठे भेटस?’’ मी एक कोरा कागद काढून दिला. वर्गात सांगितलं होतं तसं सांगू लागलो, की झाडाच्या शेंड्याच्या जरा वर टांगायचा, भरला की बदलायचा. आप्पा ऐकत होते. मला सांगताना आप्पा मधे न बोलता ऐकत आहेत, हे जन्मात पहिल्यांदा होत होतं, त्यामुळे मी तीच गोष्ट दोनदा सांगितली. त्यांनी कागद वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला.

आठ दिवसांनी फोन आला.

‘‘मनी मिरची दीड बिघा शे. कागद कितला लागतीन?’’

मी वही काढली. पहिलं पान, माती तीनास एक. पुढचं पान, साली. मग तीनशे ग्रॅम. मग ती लांब रेघ. त्याच्याखाली कुणाकडून तरी उतरवून घेतलेलं, ‘कुंडीला एक पुरे.’

‘‘आप्पा, सरांना विचारून सांगतो,’’ मी म्हटलं.

पलीकडे मोटार बोलत होती.